ब्राकमाँचं ‘ब्वासी दांग्ला’ हे एचिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या शाईतलं, गर्दीने ओसंडणारं एक सभागृह. उंच आसनावर बसलेला एक माणूस, समोर भाले-संगिनींचं रान आणि एका भाल्याच्या टोकावर माणसाचं डोकं. फेलिक्स ब्राकमाँ या फ्रेंच चित्रकाराने १८८१ च्या सुमारास युजेन देलाक्र्वाच्या तैलचित्रावरून केलेलं हे एचिंग (म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून छापलेलं चित्र) पहिल्यांदा पाहणाऱ्यांच्या मनात बहुतेक तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. हे चित्र एका धीरोदात्त अध्यक्षाचं म्हणून ओळखलं जातं, पण मुळात ते पावाचं चित्र आहे. तसं पाहिलं नाही तर निम्मं चित्र हातातून निसटतं.

चित्रातला प्रसंग नेमका कोणता?

२० मे १७९५. फ्रेंच क्रांतीच्या नव्या पंचांगाप्रमाणे तिसऱ्या वर्षाच्या प्रेरियल महिन्याचा पहिला दिवस. स्थळ पॅरिसच्या तुइलेरी राजवाड्यातलं नॅशनल कन्व्हेन्शनचं सभागृह. सप्टेंबर १७९२ मध्ये निवडून आलेली, राजेशाही रद्द करणारी आणि सोळाव्या लुईला मृत्युदंड देणारी सभा ती हीच. त्या दिवशी पूर्व पॅरिसच्या कामगार वस्त्यांमधून, विशेषतः फोबूर सेंत-आंत्वान आणि सें-मार्सो भागांतून, हजारो माणसं चालत आली, दारं फोडून आत शिरली आणि सभा तासन्‌तास त्यांच्या ताब्यात राहिली. अध्यक्षाच्या खुर्चीवर तेव्हा फ्रांस्वा-आंत्वान ब्वासी दांग्ला होता.

ही ‘टेनिस कोर्टची शपथ’ आहे का?

नाही. ती २० जून १७८९ ची, व्हर्सायची घटना, क्रांतीच्या आरंभी लोकप्रतिनिधींनी घेतलेली शपथ. तिच्या चित्रात सगळे हात एका दिशेने उंचावलेले आहेत, आशा आहे, एकजूट आहे. इथे त्याला जवळजवळ सहा वर्षं उलटून गेली आहेत आणि ज्यांच्या नावाने शपथ घेतली तेच लोक प्रतिनिधींच्या अंगावर धावून आले आहेत. शाळेच्या पुस्तकांत पहिलं चित्र असतं, दुसरं नसतं. दोन्ही शेजारी ठेवून शिकवली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

लोक सभागृहात घुसलेच का?

पोटासाठी. याचं उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं, कारण चित्रात पाव कुठेच दिसत नाही.

जुलै १७९४ मध्ये क्रांतीचा जहाल नेता रोबेस्पिएर सत्तेवरून पडला. त्याच्या काळात धान्य आणि इतर गरजेच्या वस्तूंवर कमाल किमतीचा कायदा होता. नव्या सत्ताधाऱ्यांनी २४ डिसेंबर १७९४ ला तो रद्द केला. व्यापार मोकळा झाला की माल बाजारात येईल असा त्यांचा हिशेब होता. पण आसिन्या या कागदी नोटांची किंमत आधीच घसरत होती, ती आता कोसळली. नोटा घेऊन धान्य विकायला शेतकरी तयार होईनात. त्यातच तो हिवाळा असा कडक पडला की सेन नदी गोठली. नदीवाटे येणारं धान्य आणि जळण अडकलं.

पॅरिसमध्ये पावाचं रेशन होतं. ते आटत आटत मे महिन्यात काही दिवस माणशी दोन औंसांवर आलं, म्हणजे जेमतेम ६० ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्या माणसाचा मुख्य आहार म्हणजे पाव, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचा अर्थ कळतो. पैसेवाल्यांना मात्र बाजारात पांढरा पाव आणि केक मिळत होते. आधी १ एप्रिलला एक जमाव सभागृहात येऊन ओरडून गेला होता. त्याच्या हाती काही लागलं नाही, उलट काही डाव्या प्रतिनिधींना हद्दपार केलं गेलं.

२० मे च्या जमावाच्या टोप्यांवर मागणी लिहिलेली होती: पाव आणि १७९३ ची राज्यघटना. त्या राज्यघटनेत सर्व पुरुषांना मताधिकार होता आणि सरकारने जनतेचे हक्क मोडले तर उठाव करण्याचा हक्कही होता. जनमताने ती मंजूर झाली, पण युद्धाचं कारण सांगून अमलात कधी आणलीच नाही. म्हणजे लोक काही नवं मागत नव्हते. मंजूर झालेलंच द्या म्हणत होते.

भाल्यावरचं डोकं कुणाचं?

जां-बेर्त्रां फेरो याचं. हा ओत-पिरेने प्रांताचा तरुण प्रतिनिधी. जमावाला दारात अडवायला तो पुढे झाला, झटापटीत गोळी लागून पडला, त्याला बाहेर ओढून नेलं आणि डोकं कापून भाल्यावर खोचून परत सभागृहात आणलं. लोकांचा ज्याच्यावर खरा राग होता त्या फ्रेरों नावाच्या प्रतिनिधीशी नावातल्या साम्यामुळे गल्लत झाली, असं नेहमी सांगितलं जातं.

डोकं वाहून आणल्याबद्दल एका कुलूप-कारागिराला मृत्युदंड झाला. वधस्तंभाकडे नेताना लोकांनी त्याला सोडवून सेंत-आंत्वान वस्तीत लपवलं आणि तेच निमित्त करून सरकारने त्या वस्तीला सैन्याचा वेढा घातला.

अध्यक्षाने त्या डोक्याला खरंच अभिवादन केलं?

डोकं त्याच्यासमोर धरलं गेलं आणि तो खुर्चीवरून हलला नाही, यावर सगळे सहमत आहेत. त्याने टोपी काढून मान झुकवली ही कथा लगेचच पसरली आणि चित्रकारांनी तीच उचलली. कधी, कशी, कुणाचं डोकं आहे हे ओळखून की न ओळखता, या तपशिलांत जुन्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत.

मग ब्वासी दांग्ला हा नायक का नाही?

त्याचं धैर्य खरं होतं. संगिनी रोखलेल्या असताना बसून राहणं सोपं नाही. पण तोच माणूस सरकारात पॅरिसच्या अन्नपुरवठ्याचं काम पाहत होता आणि टंचाई नाहीच असं सभेला पटवत होता. पॅरिसच्या रांगांमध्ये त्याला ‘ब्वासी-फामीन’ म्हणत, म्हणजे दुष्काळी ब्वासी. गर्दी नेमकी त्याच्याच समोर का उभी आहे, हे त्या नावावरून कळतं.

उठाव मोडल्यानंतर महिन्याभरात, २३ जून १७९५ ला, त्यानेच नव्या राज्यघटनेचा मसुदा सभेपुढे मांडला. देश मालमत्ताधारकांनी चालवावा, असं त्याने त्या भाषणात उघड म्हटलं. १७९३ चा सार्वत्रिक मताधिकार त्यात गेला. १७५६ मध्ये आर्देश भागातल्या प्रॉटेस्टंट घरात जन्मलेला हा माणूस पुढे नेपोलियनच्या आणि परतलेल्या राजाच्या काळातही मानाच्या पदांवर राहिला आणि १८२६ मध्ये वारला.

त्या रात्री आणि पुढे काय झालं?

संध्याकाळी जमावाच्या दबावाखाली काही डाव्या प्रतिनिधींनी ठराव मांडले. अटकेतल्यांना सोडा, घराघरांत लपवलेलं पीठ शोधा आणि यापुढे शहरात एकाच प्रकारचा पाव भाजला जावा, श्रीमंताला वेगळा आणि गरिबाला वेगळा नको. मध्यरात्रीच्या सुमारास पश्चिमेकडच्या सुखवस्तू वस्त्यांतलं नॅशनल गार्ड, म्हणजे नागरिकांचं सशस्त्र दल, आलं, सभागृह रिकामं केलं, ठराव जाळले आणि ते मांडणाऱ्यांना जागच्या जागी अटक झाली.

सहा जणांना लष्करी आयोगाने १७ जूनला मृत्युदंड दिला: रोम्म, गूजों, द्युकेन्वा, द्युर्वा, बूर्बोत आणि सूब्रानी. शिक्षा ऐकून जिना उतरताना त्यांनी लपवून आणलेला सुरा हातोहात देत स्वतःवर वार केले. पहिले तिघे तिथेच गेले. उरलेल्या तिघांना जखमी अवस्थेत गिलोटिनखाली नेलं.

यातला जिल्बेर रोम्म म्हणजे क्रांतीचं नवं पंचांग रचणाऱ्या समितीचा प्रमुख. त्या पंचांगात प्रेरियल हा कुरणांचा महिना. रोम्मचा शेवट ज्या दिवसाने ठरवला त्या दिवसाची तारीख आपण आजही त्याच्याच पंचांगातून सांगतो. हे कळल्यापासून चित्राच्या खाली ‘१ प्रेरियल’ वाचताना मी दर वेळी थांबते.

या सगळ्यात बायका कुठे होत्या?

सगळ्यांत पुढे. पावाच्या रांगेत पहाटेपासून त्याच उभ्या राहत. सकाळी सभागृहाच्या सज्जांमध्ये ‘पाव! पाव!’ असा घोष त्यांनीच सुरू केला आणि वस्त्यांमधून पुरुषांना बाहेर काढणाऱ्याही त्याच. म्हणून सूडही त्यांच्यावर निघाला. उठावानंतर लगेच हुकूम निघाला की बायकांनी घरात राहावं आणि रस्त्यात पाचपेक्षा जास्त जणी एकत्र दिसल्या तर अटक होईल. अध्यक्षाच्या टोपीची गोष्ट सांगणाऱ्यांनी हा हुकूमही सांगावा.

देलाक्र्वाने हा विषय का निवडला?

विषय त्याला सरकारने दिला. जुलै १८३० च्या तीन दिवसांच्या क्रांतीने लुई-फिलिप राजा झाला. सप्टेंबरअखेर गृहमंत्री गीझो याने प्रतिनिधिगृहाच्या भिंतीसाठी चित्रस्पर्धा जाहीर केली. विषय तीन होते: नव्या राजाची शपथ, १७८९ मध्ये राजाच्या दूताला ठणकावणारा मिराबो आणि १७९५ चा ब्वासी दांग्ला. यातला हेतू सरळ वाचता येतो. संसद राजापुढे वाकत नाही आणि जमावापुढेही वाकत नाही. नव्या सरकारला हेच भिंतीवर हवं होतं, कारण ते स्वतः रस्त्यावरच्या उठावातून आलं होतं आणि आता रस्ता शांत व्हावा ही त्याची गरज होती.

देलाक्र्वाने शेवटच्या दोन विषयांसाठी चित्रं दिली. ‘स्वातंत्र्यदेवता जनतेचं नेतृत्व करताना’ हे त्याचं सुप्रसिद्ध चित्र याच महिन्यांतलं. शिवाय कन्व्हेन्शन त्याच्या घरातलंच होतं. त्याचे वडील शार्ल देलाक्र्वा हे स्वतः त्या सभेचे सदस्य होते आणि राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने त्यांनी मत दिलं होतं. देलाक्र्वाचा जन्म मात्र नंतरचा, १७९८ चा.

स्पर्धा तो जिंकला का?

दोन्ही विषयांत हरला. ‘मिराबो’चं काम एस नावाच्या चित्रकाराला आणि ‘ब्वासी’चं काम व्हँशाँ या चित्रकाराला मिळालं. देलाक्र्वाने त्याच सुमारास ‘लार्तिस्त’ नियतकालिकात स्पर्धा पद्धतीवरच टीका करणारं पत्र छापलं.

परीक्षकांना काय खटकलं असेल हे चित्र पाहून समजतं. त्यांना अध्यक्ष हवा होता, देलाक्र्वाने त्यांना सभागृह दिलं. त्याचा ब्वासी चित्राच्या मानाने लहान आहे. वरचा मोठा भाग अंधारात आहे आणि त्या अंधारातून धूर, झेंडे, भाले, उघडी तोंडं यांची एकच लाट त्याच्या मेजावर आदळते. चेहरे ओळखू यावेत असा आग्रहच नाही. हाच विषय अलेक्सांद्र-एव्हारिस्त फ्रागोनारनेही याच स्पर्धेसाठी रंगवला, ते चित्र लूव्हरमध्ये आहे. देलाक्र्वाचं चित्र पाहिल्यावर मात्र कानात आवाज राहतो. मला तरी हरलेलं चित्रच त्या दिवसाच्या जास्त जवळचं वाटतं.

ब्राकमाँ कोण होता?

फेलिक्स ब्राकमाँ, १८३३ ते १९१४. पॅरिसचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये एचिंग जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. ते पुन्हा उभं करणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं. १८६२ मध्ये प्रकाशक कादारबरोबर एचिंगकारांची जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांपैकी तो एक. छपाईचे ८०० हून अधिक कोरीव पत्रे त्याने केले: पक्षी, व्यक्तिचित्रं, निसर्गदृश्यं आणि इतरांच्या चित्रांवरून केलेली कामं. माने, देगा या चित्रकारांशी त्याची मैत्री होती आणि १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात त्याची कामं होती. मुद्रक देलात्र याच्याकडे होकुसाईच्या चित्रांची जपानी वही त्याला सापडली आणि तिथून पॅरिसला जपानी चित्रांचं वेड लागलं, ही गोष्ट कलेच्या इतिहासात नेहमी सांगतात. चिनी मातीच्या भांड्यांवरही त्याने काम केलं, आधी सेव्हरच्या कारखान्यात आणि मग हाव्हिलाँ कंपनीच्या पॅरिसमधल्या कार्यशाळेत.

पन्नास वर्षांनी हे चित्र पुन्हा का?

देलाक्र्वा १८६३ मध्ये गेला आणि त्यानंतर त्याचा मान वाढतच गेला. पण तारखाही पाहा. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचा, म्हणजे शहरातल्या सामान्य लोकांनी स्थापलेल्या बंडखोर सरकारचा, उठाव रक्तात बुडवला गेला. १८७९ मध्ये संसद व्हर्सायहून पॅरिसला परतली. १८८० च्या जुलैत १४ जुलै हा राष्ट्रीय सण ठरला आणि त्याच महिन्यात कम्यूनवाल्यांना माफी मिळाली. जमाव आणि प्रतिनिधी यांचं नातं काय, हा प्रश्न तेव्हा पॅरिसच्या प्रत्येक खानावळीत जिवंत होता. अशा वेळी हे सभागृह पुन्हा छापून समोर आल्यावर बघणाऱ्याने ते १७९५ पुरतं पाहिलं नसणार.

म्हणजे ही नक्कलच ना?

नक्कल म्हटलं की ब्राकमाँवर अन्याय होतो. त्याच्यासमोर तैलचित्र आहे, ज्यात लाल आहे, तपकिरी आहे, जाड रंगाचे फटकारे आहेत. त्याच्या हातात आहे फक्त रेघ. प्रत्येक रंगाला त्याला रेघांच्या दाटीत उत्तर शोधावं लागतं. जुन्या पद्धतीचे खोदकाम करणारे अशा वेळी नेमस्त, समांतर, घोटीव रेषांचं जाळं विणत आणि चित्र गुळगुळीत होऊन जाई. ब्राकमाँने एचिंगची मोकळी, धावती रेघ वापरली. देलाक्र्वाच्या ब्रशचा वेग अशाच रेघेत उतरू शकतो.

एचिंग करतात कसं?

तांब्याचा घोटलेला पत्रा घेतात. गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ लेप चढवतात. लेप धुरावर काळा करतात, म्हणजे ओरखडे चकाकून दिसतात. मग सुईने लेपावर चित्र काढायचं. सुई तांबं कोरत नाही, फक्त लेप बाजूला करते, म्हणून हात कागदावर चालावा तसा सहज चालतो. पत्रा आम्लात ठेवला की उघडं पडलेलं तांबं खाल्लं जातं आणि रेघेची खाच तयार होते.

खरं कौशल्य पुढे आहे आणि या चित्रात ते फार मोलाचं. पत्रा थोडा वेळ आम्लात ठेवून काढायचा, ज्या रेघा फिक्या राहायला हव्यात त्यांवर वॉर्निश लावून त्या बंद करायच्या, पत्रा पुन्हा आम्लात. असं टप्प्याटप्प्याने. सभागृहाच्या काळोख्या भागातल्या रेघा सगळ्यांत जास्त वेळ आम्लात राहतात, खोल होतात, भरपूर शाई धरतात. उजेड जिथे पडतो तिथल्या लवकर बंद होतात. म्हणजे या चित्रातला अंधार आणि उजेड हा पत्रा किती वेळ आम्लात होता याचा हिशेब आहे.

शेवटी खाचांत शाई भरून वरचा पृष्ठभाग जाळीदार कापडाने पुसतात, ओलसर कागद ठेवतात आणि रुळांच्या दाबातून काढतात. कागद खाचांत शिरून शाई उचलतो.

हे लिथोग्राफ आहे असं कुठेतरी वाचलं. खरं काय?

हे एचिंगच आहे. लिथोग्राफ दगडावरून छापतात आणि दगड सपाटच राहतो, त्यात खाच नसते. राजा रविवर्म्याच्या मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यातली देवदेवतांची चित्रं त्या पद्धतीची. तैलचित्र छापून घरोघरी पोचवणं हा हेतू तिथेही होता, तंत्र मात्र पूर्ण वेगळं.

छापल्यावर चित्र उलटं होत नाही का?

होतं. पत्र्यावर डावं ते कागदावर उजवं. म्हणून मूळ चित्राची दिशा राखायची असेल तर पत्र्यावर आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं.

मूळ तैलचित्र कुठे आहे?

फ्रान्समध्ये बोर्दोच्या ललित कला संग्रहालयात. सुमारे ८० सेंटिमीटर उंच आणि एक मीटरहून थोडं अधिक रुंद, म्हणजे वाटतं त्यापेक्षा लहान, कारण भिंतीवरच्या भव्य चित्रासाठी केलेला तो स्पर्धेचा नमुना होता. जोडीचं ‘मिराबो’ कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेकमध्ये आहे.

आमच्याकडे जुनी प्रत आहे. खरं एचिंग आहे हे कसं ओळखायचं?

भिंग घ्या. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती पुस्तकातली किंवा कॅलेंडरची छपाई आहे, तिथेच थांबा. ठिपके नसतील तर कागद तिरक्या उजेडात धरा. खोल रेघांची शाई किंचित वर उठलेली दिसेल आणि हलक्या बोटाला जाणवेलही, पण बोट चित्रावर फिरवत बसू नका. चित्राच्या चारी बाजूंना पत्र्याच्या कडांचा दाबलेला चौकोन हवा. मात्र नुसत्या चौकोनावर भरवसा ठेवू नका, तो वेगळा दाबूनही उठवतात. शिवाय त्या काळात छायाचित्रावरून पत्रा कोरण्याची हेलिओग्राव्ह्यूर पद्धत होती. तिची छपाई खऱ्या एचिंगसारखीच भासते आणि तिथे जाणकारालाच दाखवावं लागतं.

खाली मजकूर छापण्याआधीच्या प्रती संग्राहक जास्त मानतात. जपानी कागदावरच्या किंवा चर्मपत्रावरच्या प्रतीही. किमतीचं विचाराल तर ती प्रतीच्या अवस्थेवर ठरते आणि घरबसल्या सांगता येत नाही.

सांभाळायची कशी?

आपल्याकडे, त्यातही कोकण-मुंबई-गोव्यात, पावसाळा हा या कागदाचा मोठा शत्रू. दमटपणाने तपकिरी ठिपके पडतात आणि बुरशी धरते. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये, मधे आम्लविरहित पुठ्ठ्याची चौकट घाला. मागे साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड लावलं असेल तर काढून टाका. कडा चिकटपट्टीने चिकटवू नका, जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावतात. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका आणि थेट उन्हातही नको. कडा कापून फ्रेमच्या मापात बसवणारे फ्रेमवाले भेटतात. त्यांना आधीच बजावून सांगा की पत्र्याच्या खुणेबाहेरचा कोरा कागदही चित्राचाच भाग आहे, त्याला कात्री लावायची नाही.